भावाचा गिअरबॉक्स मी बसवला

माझ्या मोठ्या भावाच्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात बोटभर फट राहिली होती, आणि ती मी बोल्ट आवळून मिटवली.

ज्यांना गाडीतलं कळतं त्यांनी एवढ्यावरच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सगळं सांगतो. आमच्या गल्लीत ही गोष्ट माझ्याशिवाय सगळ्यांनी सांगून झाली आहे आणि दर वेळी तिच्यातला मी थोडा जास्त मूर्ख होत चाललो आहे. आता मीच सांगितलेली बरी, म्हणजे मूर्खपणाचं माप तरी बरोबर राहील.

मी सुरतच्या पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये फिटर आहे. कापड रंगवायला वाफ लागते आणि वाफ न्यायला पाइप लागतात. आमच्या मिलमधले दोन पाइप एकमेकांसमोर सरळ कधी येतच नाहीत. एकाचं तोंड भिंतीकडे, दुसऱ्याचं छताकडे, रुसलेल्या जावांसारखे. त्यावर आमच्या खात्यात एकच उपाय आहे: दोन्हीकडच्या भोकांत लांब बोल्ट घालायचे आणि एकेक करून आवळत जायचं. पाइप आधी कुरकुरतो, मग येतो. नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी हे शिकवतो. लोखंडाला विचारायचं नसतं, सांगायचं असतं, असं मी त्यांना ऐटीत म्हणायचो. हल्ली म्हणत नाही.

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच मोठा. आम्ही धुळ्याकडचे, घरात अजून अहिराणीच चालते. त्याचा डावा पाय साखरेच्या आजारानं नेला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालून सगळाच. कुणी हळहळायला लागलं की भाऊ म्हणायचा, एकदम कुठे गेला, हप्त्याहप्त्यानं गेला. हळहळणाऱ्याला हसावं की रडावं कळायचं नाही आणि भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत मजा घ्यायचा. दुसऱ्याचं दुखणं काय आणि स्वतःचं काय, तो सारख्याच निर्दयपणे वापरतो.

पाय गेल्यावर त्यानं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. त्या गाडीवर त्यानं धंदा उभा केला. रिंग रोडच्या मार्केटमधल्या एका शेठकडून साड्यांचे गठ्ठे उचलायचे, पांडेसरा-उधन्यात घरी बसून लेस आणि टिकल्या लावणाऱ्या बायकांना वाटायचे, आणि झालेला माल गोळा करून शेठला पोचवायचा. मार्केटमध्ये या फेरीला लाइन म्हणतात. भाऊ गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा, बाया गाडीपाशी यायच्या. त्याला उतरावं लागायचं नाही. गाडीत बसलेला भाऊ दोन पायांचा दिसायचा. ती लाइन होती म्हणून घरात त्याचा शब्द चालायचा.

मग गाडीचा गिअरबॉक्स गेला. भावानं भाड्याच्या टेम्पोतून फेरी करून पाहिली. टेम्पोवाला उशिरा आला, कतारगामचा दुसऱ्या कुणाचा माल आमच्यात मिसळला आणि शेठ भडकला. ज्याच्या दारात स्वतःची गाडी त्यालाच लाइन देईन, असं त्यानं सांगून टाकलं.

गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्यानं तो उघडून, आतलं बदलून, शनिवारी तयार करून दिला. पण तो गाडीत चढवणारं गॅरेज वेगळं. त्यांच्याकडे गाडी वर उचलायची लिफ्ट एकच, आणि तिच्यावर बुधवारपर्यंत दुसऱ्या गाड्यांचे नंबर लागलेले. भाऊ म्हणाला, हरकत नाही, शेठला फोन करून बुधवारपर्यंतची मुदत मागतो. मिळालीही असती. शेठ ओरडणारा होता, पण माणूस वाईट नव्हता.

इथे मी तोंड घातलं.

गिअरबॉक्स म्हणजे काय, पेटी. चार बोल्ट, दोन वायरी, एक पेटी. मिलमध्ये मी यापेक्षा मोठे पंप जेवणाच्या सुट्टीत बदलतो. लिफ्ट कशाला पाहिजे? रविवारी आपल्या दारात चढवून देतो. भावानं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच गप्प झाला असता.

“तुले जमी का रे हाई?”

मी त्याचा फोन उचलला आणि शेठला लावला. गुजरातीत, छाती काढून सांगितलं की सोमवारी सकाळी माल आणि गाडी दोन्ही तुमच्या दुकानासमोर असतील, नसले तर लाइन खुशाल दुसऱ्याला द्या. शेवटचं वाक्य शेठनं मागितलंच नव्हतं. ते माझ्याकडून भेट.

रविवारी सकाळी गल्लीत, ओढून आणलेल्या गाडीचं तोंड जॅकनं उचललं आणि खाली लोखंडी घोड्या लावल्या. मिलमधून साखळीची कुप्पी, म्हणजे वजन उचलायची कप्पी, आणली होती. बॉनेट उघडून वर आडवा पाइप टाकला आणि तिनं इंजिन टांगलं. इथपर्यंत मी खरोखर हुशार होतो आणि इथेच थांबलो असतो तर आज माझी इज्जत शाबूत असती. समोर राहणारे काका लोच्याची, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या सुरती नाश्त्याची, डिश घेऊन खुर्ची टाकून बसले. ते पूर्वी हिरे घासायचे. हिऱ्याचं काम मंदावलं तसं त्यांनी शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायला घेतली. रविवारी व्हॅन उभी, काका मोकळे, आणि माझ्यासारखा माणूस समोर उघड्यावर काम करतोय. त्यांना आणखी काय पाहिजे! भाऊ त्यांच्या शेजारी, नकली पाय काढून बाजूला ठेवलेला. दर थोड्या वेळानं कुठल्या तरी बाईचा फोन यायचा की उद्या नवा माल येणार ना, आणि भाऊ माझ्या पायांकडे बघत, कारण बाहेर तेवढेच दिसत होते, म्हणायचा, येईल बहुतेक.

आता त्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी काय असतं ते सांगतो. एक गोल जाड लोखंडी डबा असतो, कन्व्हर्टर. आत तेल. इंजिनाची ताकद त्यातून गिअरबॉक्सला जाते. हा डबा गिअरबॉक्सच्या दांड्यावर फिरवत फिरवत आत बसवावा लागतो. तो एकदा टक करून थोडा सरकतो, परत फिरवला की आणखी सरकतो, आणि शेवटी आतल्या तेलाच्या पंपात त्याचे दात अडकतात, तेव्हा कुठे तो बसला म्हणायचं. दुरुस्त करणाऱ्यानं तो नीट बसवून, पुढे घसरू नये म्हणून तारेनं बांधून दिला होता. देताना तो काहीतरी समजावायलाही लागला होता. मी त्याला अर्ध्यात तोडलं आणि सांगितलं की मी वाफेच्या लायनीवर काम करतो. त्याचा याच्याशी काय संबंध, हे त्याला कळलं नाही. मलाही आता कळत नाही.

ती तार मी पकडीनं कापून टाकली. गठ्ठ्यांना असते तशी पॅकिंगची तार वाटली. मग मी आणि काकांनी गिअरबॉक्स तोंड खाली करून ओट्यावरून उतरवला. डबा पुढे घसरून आला. मी तो परत दाबला, फिरवला, एकदा टक वाजलं, मी खूश.

पुढचं काम गिअरबॉक्स चाकांच्या जॅकवर ठेवून गाडीखाली ढकलायचं आणि वर उचलायचं. लोखंडावर लोखंड नको म्हणून मी जॅकवर गादी केली. कशाची? भावाच्या घरात होत्या त्या साड्यांच्या चिंध्यांची. सुरतेची साडी, चमकदार, नितळ, हातात धरली तर हातातून निसटणारी. तिच्या चार घड्या करून मी तिच्यावर तेलकट गिअरबॉक्स ठेवला, स्वतः त्याच्याखाली आडवा झालो आणि जॅकचा दांडा पंप करायला लागलो. अर्ध्या उंचीवर गेल्यावर त्या चिंध्यांनी आपला गुण दाखवला. गिअरबॉक्स सावकाश, जणू मला विचारत विचारत, घसरला आणि माझ्या छातीवर येऊन बसला.

पडला असता तर मी हे लिहायला राहिलो नसतो. तो नुसता बसला. श्वास बाहेर जात होता, आत येत नव्हता. मी तोंडानं काहीतरी आवाज काढला असावा, कारण काकांची खुर्ची सरकली आणि गाडीखाली भावाचं तोंड उलटं दिसलं. तो एका पायावर वाकला होता.

“जित्ता शे ना रे?”

मी मान हलवली.

“मंग आवर लवकर. दुपार व्हई गई.”

तोवर माझी बायको चहा घेऊन आली. तिनं खाली वाकून पाहिलं, परिस्थिती समजून घेतली आणि कप माझ्या हातापासून बरोबर वीतभर लांब ठेवला. चहा निवतोय म्हणाली आणि घरात गेली. नंतर मी तिला विचारलं की नवरा दबलेला दिसत असताना तू चहाचं कसं काय बोललीस. ती म्हणाली, तुम्ही शिव्या देत होता, म्हणजे फुफ्फुसं चालू होती. मी शिव्या दिल्याचं मला आठवत नाही. काकांना आठवतं. ते त्या शिव्या आजही म्हणून दाखवतात, माझ्या आवाजात, धापेसकट.

काकांनी आणि गल्लीतल्या आणखी दोघांनी गिअरबॉक्स माझ्यावरून उचलला. भाऊ त्या वेळी खुर्चीत परत बसला होता आणि उचलणाऱ्यांना बजावत होता की पेटी सांभाळून, ती नुकतीच दुरुस्त झाली आहे. माझ्याबद्दल त्यानं काही सूचना दिली नाही. मी छाती चोळत उठलो, चिंध्या फेकल्या, जॅकवर सायकलची जुनी ट्यूब टाकली आणि परत खाली गेलो. आता मला राग आला होता. रागावलेल्या फिटरनं पाना खाली ठेवावा, हे मी इतरांना सांगत आलोय.

गिअरबॉक्स वर गेला, इंजिनासमोर आला, जवळ सरकला आणि बोटभर अंतरावर अडला.

मी हलवला. डावीकडून रेटला, उजवीकडून रेटला, खांदा लावला. तो यायला तयार नाही. आतला डबा पूर्ण बसलेला नव्हता, त्याचीच ती फट. डबा मधे अडलाय, मला काढ, नीट बसव, मग मी आपोआप येतो, एवढं साधं तो सांगत होता. पण मी मिलमधला माणूस. मला तिथे समोरासमोर न येणारे दोन पाइप दिसले. बोटभर फट म्हणजे आमच्याकडे फटच नव्हे. मी आनंदानं शीळसुद्धा घातली असेल. लांब बोल्ट घातले आणि एक याचा, एक त्याचा, असे आवळत चाललो. फट कमी व्हायला लागली. मी गाडीखालून काकांना ओरडून सांगितलं की बघा, लोखंड ऐकतं.

तेव्हा आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी फुटावी तेवढा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोनं विचारलं, “कसाना आवाज उना हो?”

“बसला,” मी म्हणालो.

“बेसी गयुं?” काकांनी गुजरातीत भावाला विचारलं.

भावानं हातातला फोन मांडीवर उलटा ठेवला. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं होतं. पण सोमवार दुसऱ्या दिवशीच होता, शेठला शब्द गेलेला होता, आणि माणसाला कळलेलं सगळं लगेच मान्य करता येत नाही.

मी बाकीचं सगळं जोडलं. वायरी, नळ्या, चाकांचे दांडे. घोड्या काढल्या, गाडी जमिनीवर आणली, लाल तेल भरलं. काम इतकं सफाईदार दिसत होतं की मी बॉनेट मुद्दाम उघडं ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. संध्याकाळ झाली होती. डुमसच्या किनाऱ्यावर फिरायला निघालेल्या दोन कुटुंबांनी स्कूटर थांबवून पाहिलं. भावानं नकली पाय चढवला, ठेवणीतला शर्ट घातला. झालेल्या साड्यांचे गठ्ठे आम्ही मागच्या सीटवर रचले, म्हणजे सकाळी वेळ जायला नको. ही कल्पनाही माझीच. मग भाऊ स्टिअरिंगवर बसला, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा.

भावानं गिअर टाकला. गाडीच्या पोटातून, गरम तव्यावर लोखंड घासावं तशी किंकाळी आली. गाडी हलली नाही. त्यानं मागचा गिअर टाकून पाहिला. किंकाळी तीच, फक्त लांबलेली. मी ओरडत होतो की ॲक्सिलेटर दे, तेल फिरू दे, नवीन आहे, जरा अंगात येऊ दे. भावानं दिला. गाडीखालून लाल तेलाची धार निघाली आणि उताराला लागून काकांच्या ओट्यापर्यंत गेली. काकांनी खुर्ची उचलून थोडी मागे घेतली आणि परत बसले.

भावानं किल्ली बंद केली. उतरला नाही. मागे साड्यांचे गठ्ठे, पुढे तो, समोरच्या काचेतून बघत. मी तपासायचं निमित्त काढून गाडीखाली शिरलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पण वर थांबण्यासारखंही काही नव्हतं.

त्याच वेळी काका गाडीच्या खिडकीशी आले. त्यांच्या चपला मला दिसत होत्या. ते भावाला म्हणाले की सकाळी पोरांना शाळेत सोडलं की माझी व्हॅन रिकामीच असते, उद्याचा माल मी नेऊन देतो, एक दिवसाचं काय. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. आजही मी तसंच म्हणतो. भाऊ म्हणाला, चालेल. दुसरं काय म्हणणार? मी गाडीखाली पडल्या पडल्या त्यांना भरभरून दुवा दिला. म्हणालो, काका, तुम्ही देवासारखे धावून आलात. आवाज खालून आल्यामुळे असेल, काकांच्या चपला वळून निघून गेल्या.

सोमवारी व्हॅन शेठच्या दुकानासमोर वेळेत उभी राहिली. गठ्ठे उतरवायला काका स्वतः उतरले, दोन्ही हातांत एकेक घेऊन वर माळ्यापर्यंत गेले. शेठनं पाहिलं की या व्हॅनमध्ये भावाच्या गाडीच्या दुप्पट माल बसतो आणि हा माणूस जिने चढतो. त्यानं काकांना चहा पाजला. मंगळवारचा माल त्यांच्याकडेच दिला. बुधवारचाही. मग शेठचा भावाला फोन आला. शेठ चांगलं बोलला म्हणे, तब्येतीची चौकशी केली, आणि म्हणाला की लाइन आता व्हॅनकडेच राहील, तुमच्या भावानंच फोनवर कबूल केलं होतं, मी आपणहून काही काढून घेतलेलं नाही.

गिअरबॉक्स परत त्याच दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. त्यानं आतल्या तेलाच्या पंपाचे दोन तुकडे एका थाळीत घालून मला दाखवले, लग्नात आहेर दाखवतात तसे. मग विचारलं की वाफेच्या लायनीचं काम कसं चाललंय. या वेळी गाडी गॅरेजच्या लिफ्टवरच चढली. मी ते बाहेरून पाहिलं. दोन माणसांनी गिअरबॉक्स उचलून धरला, हातानं लोटला, तो पूर्ण चिकटला, आणि मग कुठे त्यांनी बोल्टांना हात लावला. सगळं इतकं सहज की मला त्यांचा संताप आला.

मधल्या काळात काका संध्याकाळी आमच्याकडे यायचे. कुठली गल्ली कुठे, कोणती बाई टिकली चोख लावते, कोणती उशीर करते आणि कारणं सांगते, हे भावाला विचारायचे. भाऊ सगळं सांगायचा, अगदी तपशिलात, कोणत्या वळणावर हॉर्न वाजवायचा तेसुद्धा. मी एकदा रागानं म्हणालो की त्यांना कशाला शिकवतोस, अडू दे की. भाऊ म्हणाला की बाया माझ्या भरवशावर कामाला लागल्या, त्यांचा माल कशाला अडकवू.

गाडी मिळाली त्या दिवशी मी त्याला गॅरेजवर घेऊन गेलो. तो स्टिअरिंगवर, मी शेजारी. गाडी लोण्यासारखी सुटली. हजीऱ्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागलो, ट्रकांच्या मधून, गिअर एकामागून एक आपोआप पडत होते, धक्का म्हणून नाही. घरातून निघाल्यापासून भाऊ एक शब्द बोलला नव्हता. त्या शांततेचं काय करावं ते मला कळेना, म्हणून मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोललो. म्हणालो, भाऊ, बघ बरं, गिअर कसा झकास पडतोय, पहिल्यापेक्षा चांगला की नाही?

त्यानं गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.

“गिअर झकास पडस,” तो म्हणाला. “आते जानं कोठे, ते बी तूच सांग.”